यंत्र वाजलं, पुढे काय?

मेटल डिटेक्टर आता फक्त बंदोबस्तातल्या पोलिसांच्या हातात किंवा मॉलच्या दारात दिसणारी वस्तू उरलेली नाही. काही हजार रुपयांत तो ऑनलाइन मिळतो आणि घरपोच येतो. नाणी जमवणाऱ्यांना, गडकोट भटकणाऱ्यांना त्याचा मोह पडतो. गडावर, लेण्यांपाशी, संरक्षित स्मारकाच्या आवारात तो चालवायचा नाही, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. मग नजर वळते रस्त्याच्या कडेला. तिथे कुंपण नसतं, पहारेकरी नसतो, ‘प्रवेश निषिद्ध’ अशी पाटीही नसते. तिथे हा छंद चालतो की नाही?

सिन्नरकडच्या एका घरात याच प्रश्नावर मामा-भाच्यांची जुंपली. मामा महसूल खात्यातून नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालेले. भाचा पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत, नाण्यांचा नादिष्ट आणि नव्याकोऱ्या डिटेक्टरचा मालक. दोघांची बाजू ज्याच्या त्याच्या शब्दांत पुढे दिली आहे.

भाचा: मामा, मी दरोडा घालायला निघालोय असं बघू नका. डांबराला मी हात लावत नाही. साइडपट्टी सोडून झाडांच्या रांगेपलीकडे मशीन फिरवायचं. आवाज आला तर टीचभर उकरायचं, वस्तू काढायची, माती लोटून वर पाय द्यायचा. यात कुणाचं काय गेलं?

मामा: जमीन कुणाची ते आधी सांग.

भाचा: सरकारी. म्हणजे सगळ्यांची, म्हणजे माझीसुद्धा.

मामा: इथेच तुझं गाडं अडतं. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६, कलम २० काढून बघ. सार्वजनिक रस्ते, गल्ल्या, पायवाटा, पूल आणि त्यांच्यावरचे किंवा बाजूचे चर, बांध, कुंपणं हे सगळं राज्य शासनाच्या मालकीचं. राष्ट्रीय महामार्ग असेल तर २००२ च्या कायद्याने ती जमीन केंद्र सरकारची. तुझी झाडांची रांग आणि त्यापलीकडचा चर बहुतेक वेळा याच हद्दीत येतो. त्या जागेवरून चालायला, गाडी हाकायला, झाडाखाली भाकरी सोडायला तू मोकळा आहेस. उकरायचा हक्क त्यात कुठून आला?

भाचा: मनाई कुठे आहे? कायद्याने जे मना केलं नाही ते नागरिकाला मोकळं, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत. ‘मेटल डिटेक्टर वापरू नये’ असं एखादं कलम दाखवा, मी मशीन माळ्यावर टाकतो.

मामा: आपले जुने कायदे यंत्राचं नाव घेत नाहीत. घेणार कसे? गुप्तधनाचा कायदा १८७८ चा. अमेरिकेच्या अध्यक्षाच्या, गारफिल्डच्या, अंगातली गोळी शोधायला टेलिफोनवाल्या बेलने असलं यंत्र वापरून पाहिलं ते १८८१ साली. म्हणजे कायदा आधीचा आणि यंत्र नंतरचं. आयर्लंडने १९८७ मध्ये डिटेक्टरचं नाव घेऊन बंधन घातलं, पुराणवस्तू शोधायला तो वापरायचा तर आधी संमती काढावी लागते. फ्रान्समध्येही आधी प्रीफेक्टची परवानगी लागते. आपले कायदे मात्र तू काय केलंस ते विचारतात, कशाने केलंस ते नाही. शिवाय मना नसेल ते मोकळं, ही गोष्ट स्वतःच्या जमिनीवर ठीक आहे. दुसऱ्याच्या जमिनीत हात घालायचा तर होकार लागतो. नकार आला नाही एवढ्यावर काम भागत नाही.

भाचा: बरं, जमिनीचं सोडा, वस्तूचं बोलू. इंडियन पीनल कोडच्या ४०३ कलमाखाली उदाहरणच दिलंय. एकाला हमरस्त्यावर रुपया सापडतो. कुणाचा ते त्याला माहीत नाही. तो उचलतो. तर गुन्हा होत नाही. इतका स्पष्ट निकाल रस्त्याबद्दलच दिलेला असताना तुम्ही मला १९६६ चं कलम ऐकवताय.

मामा: वाचलंयस हे चांगलं केलंस. आता ते ४०३ जाऊन भारतीय न्याय संहितेत ३१४ आलंय, पण गाभा तोच. फक्त त्या उदाहरणाच्या खालचं उदाहरणही वाच. रस्त्यात पत्र सापडतं, त्यात नोट असते आणि मजकुरावरून मालक कोण ते कळतं. तरी त्याने नोट ठेवून घेतली की गुन्हा झाला. तुला उद्या एखादी अंगठी मिळाली आणि आतल्या बाजूला नाव किंवा लग्नाची तारीख कोरलेली असली, तर तू त्या दुसऱ्या उदाहरणातला माणूस ठरतोस. करार कायद्याचं कलम ७१ तर सांगतं की दुसऱ्याची वस्तू सापडली आणि ताब्यात घेतली, तर ठेव सांभाळणाऱ्यासारखी ती सांभाळायची. आणि एक बघ, पहिल्या उदाहरणातला रुपया रस्त्यावर पडलेला आहे. तो माणूस जमीन खणत नाहीये.

भाचा: जमीन खणतो म्हणजे तुमच्या डोळ्यांसमोर कुदळ-फावडं येतं. तसं नसतं ते. नीट सांगतो. दांड्याच्या टोकाला गोल कॉइल असते. ती जमिनीत चुंबकीय क्षेत्र सोडते, खाली धातू असला की त्यात प्रवाह उठतात आणि ते कॉइलला परत जाणवतात. लोखंडाला घोगरा आवाज, तांब्या-चांदीला स्वच्छ. नाण्याएवढी वस्तू वीतभर खोलीपर्यंत कळते, त्यापुढे नाही. आपल्याकडे बेसॉल्टची माती, तिच्यात लोहखनिज भरलेलं, म्हणून मशीन उगाच कुरकुरत राहतं. ते आधी जमिनीला जुळवून घ्यावं लागतं. जागा पक्की झाली की मी तीन बाजूंनी गवताचा चौकोन कापतो, चौथी बाजू बिजागरीसारखी ठेवून तो उलटतो, छोट्या पिनपॉइंटरने वस्तू काढतो आणि चौकोन परत बसवतो. एका पावसानंतर तुम्हाला जागा दाखवता येणार नाही.

मामा: आणि निघतं काय?

भाचा: खरं सांगू? बिअरची बुचं, ट्रकचे नट-बोल्ट, गुटख्याच्या पुड्यांतलं चंदेरी फॉइल. बैलाच्या खुरातून पडलेले नाल. कधी पाच पैशांचं ॲल्युमिनियमचं चौकोनी नाणं. शिवराई मिळाली तर दिवाळी. म्हणून म्हणतो, मी एका अर्थी कचराच उचलतो. तुमच्या खात्याने माझा सत्कार करायला हवा.

मामा: कचरा उचललास तर हार मी घालतो. मला शिवराईचं सांग. ती सापडली की काय करशील?

भाचा: धुणार नाही, घासणार नाही, डबीत ठेवीन. वजन, व्यास, अक्षरं टिपून ठेवीन. विकणार तर मुळीच नाही.

मामा: आणि कलेक्टरला कळवशील?

भाचा: एका तांब्याच्या नाण्यासाठी?

मामा: १८७८ चा कायदा दहा रुपयांपासून सुरू होतो. जमिनीत किंवा जमिनीला जोडलेल्या कशात दडलेली, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची कोणतीही वस्तू सापडली, तर सापडणाऱ्याने शक्य तितक्या लवकर कलेक्टरला लेखी कळवायचं. काय सापडलं, अंदाजे किंमत किती, कुठे सापडलं, कधी सापडलं. वस्तू जवळच्या सरकारी कोषागारात जमा करायची, नाहीतर जामीन द्यायचा. मग कलेक्टर नोटीस काढतो, चार ते सहा महिन्यांतली तारीख देऊन हक्कदारांना बोलावतो आणि चौकशी करतो. कळवलं नाही तर तुझा हिस्सा सरकारजमा, शिवाय एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही.

भाचा: दहा रुपये! १८७८ मध्ये दहा रुपयांना काय यायचं आणि आज काय येतं? चहा-वडापावसुद्धा होत नाही. असा कायदा पाळायचा म्हटला तर राज्यातल्या प्रत्येक शेतकऱ्याने नांगरटीनंतर कलेक्टर कचेरीत रांग लावायला हवी. तो कुणी पाळत नाही, म्हणून तो मेलेला कायदा आहे.

मामा: मेला असता तर चिखलीचं प्रकरण झालं नसतं. २०२१ साली पिंपरी-चिंचवडमध्ये चिखलीला बांधकामाच्या खोदाईत मजुरांना मुघल काळातली सोन्याची नाणी मिळाली. चांगली २१६. त्यांनी कुणाला न सांगता ठेवून घेतली. पोलिसांना सुगावा लागला, नाणी जप्त झाली, पुरातत्त्व खात्याकडे गेली. आता यातली गंमत बघ. त्यांनी पहिल्याच दिवशी अर्ज केला असता तर हाच जुना कायदा त्यांच्या बाजूने उभा राहिला असता. दुसरा कुणी मालक ठरला नाही आणि जागेच्या मालकाशी वेगळा करार नसला, तर तीन हिस्से सापडणाऱ्याला आणि एक हिस्सा जागेच्या मालकाला. सरकारला वस्तू हवी असली तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा मोजून घ्यावी लागते. इतका सापडणाऱ्याच्या बाजूचा कायदा शोधून काढावा लागेल.

भाचा: कागदावर. अर्ज दिल्यावर माणूस किती खेटे घालेल ते सांगा. तुम्ही त्याच कचेरीत आयुष्य काढलंत.

मामा: खेटे घालावे लागतात, हे मी नाकारत नाही. म्हणूनच लोक सोनाराकडे जातात, मूस तापते आणि इतिहासाचं वेढणं होतं. पण कचेरीचा कंटाळा हे न कळवण्याचं कारण होऊ शकतं, समर्थन होत नाही. शिवाय तुझं नाणं शंभर वर्षांपेक्षा जुनं निघालं की १९७२ चा पुरावशेष कायदाही लागतो. ती वस्तू परदेशी पाठवता येत नाही, आणि परवान्याशिवाय तिचा धंदा करता येत नाही. तुझे दोस्त ऑनलाइन ‘ओरिजिनल शिवराई, खेतातून मिळालेली’ म्हणून विकतात, त्यांना हे एकदा वाचून दाखव.

भाचा: विकणाऱ्यांचं समर्थन मी करत नाही. मी फक्त विचारतोय की माझ्या वीतभर खड्ड्याने देशाचं नुकसान कसं होतं. नाणं मातीत पडून हिरवं पडणार, खतांनी कुजणार. मी काढलं तर निदान जगेल.

मामा: जोगळटेंभी माहितीये ना? इथून किती लांब आहे?

भाचा: आपल्याच तालुक्यात. गोदावरी-दारणेच्या संगमावर.

मामा: १९०६ मध्ये तिथे एक ठेवा मिळाला. नहपान क्षत्रपाची चांदीची नाणी, तेरा हजारांहून जास्त. त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला. सातवाहनांनी नहपानाच्या क्षहरात घराण्याचा पाडाव केला याला नाशिकच्या लेण्यातला शिलालेख होताच, पण या ठेव्याने त्यावर शिक्कामोर्तब केलं. हरलेल्या राजाचं चलन जिंकलेल्याने आपल्या शिक्क्याने पुन्हा चालवलं, हे हाताने मोजून दाखवता आलं. आता कल्पना कर, तुझ्यासारखे पन्नास जण मशीन घेऊन आले असते आणि प्रत्येकाने पाच-पन्नास नाणी डबीत ठेवली असती. प्रत्येकाकडे सुंदर नाणी असती. इतिहास कुणाकडेच नसता.

भाचा: तो ठेवा कुणी पुरातत्त्ववाल्याने नाही शोधला. तुमची सगळी मोठी उदाहरणं सामान्य माणसाच्या हातूनच सुरू होतात. दायमाबादचं घ्या. प्रवरेकाठी १९७४ मध्ये एक भिल्ल शेतकरी झाडाचं मूळ खणत होता, त्याला ब्राँझचा रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस मिळाली. साठ किलोंहून जास्त वजन. आज ती महाराष्ट्राची शान आहे.

मामा: दायमाबाद तूच काढलंस ते बरं झालं. त्या चार वस्तू नेमक्या कोणत्या थरातल्या, हे कुणी शास्त्रशुद्ध खणून पाहिलेलं नव्हतं. मूळ खणता खणता त्या वर आल्या. नंतर तिथे रीतसर उत्खनन झालं, तरी वाद मिटला नाही. कुणी म्हणतं उत्तर हडप्पा काळातल्या, कुणी धातूतल्या आर्सेनिककडे बोट दाखवून वेगळं बोलतं. शेतकऱ्याचा त्यात काडीचा दोष नाही, तो शेताचं काम करत होता. पण ठिकाण आणि थर सुटला की अशी शान मिरवतानाही तिचं वय ठामपणे सांगता येत नाही. शेतकऱ्याच्या हातून ते नकळत घडलं. तू तर जाणूनबुजून तेच करायला निघालायस.

भाचा: थर, थर! मामा, रस्त्याच्या कडेला थर असतोच कुठे? तिथला मुरूम कुठल्यातरी टेकडीवरून ट्रकने आलेला, माती दुसऱ्या शेतातली, मध्ये तीन वेळा रुंदीकरण. आणि काळी माती तर उन्हाळ्यात हातभर भेगाळते. वरचं नाणं भेगेतून खाली जातं, खालचं खापर वर येतं. असल्या जागी माझ्या वीतभर खड्ड्याने कोणता पुरावा बिघडणार?

मामा: हा मुद्दा वजनदार आहे. बऱ्याच ठिकाणी तुझं खरं ठरेल. पण ते तुला खणायच्या आधी कसं कळणार? जुन्या वाटांच्या अंगावरूनच नवे रस्ते गेलेत. नाणेघाटात जकातीचा दगडी रांजण आजही उभा आहे. जुन्नर, नाशिक, पैठण ही व्यापारी मार्गांवरची गावं. या पट्ट्यात कुठली कड मुरमाची आणि कुठली कड जुन्या वस्तीच्या पांढरीची, हे तुझं मशीन सांगत नाही. आणि आयती आलेली माती हीसुद्धा काय करते ते बुऱ्हाणपूरला बघितलंस की.

भाचा: ‘छावा’नंतरचं?

मामा: तेच. २०२५ चा मार्च. सिनेमात संभाजीराजांनी बुऱ्हाणपूर लुटल्याचं दाखवलं. असीरगडाजवळ महामार्गाच्या कामाची खोदलेली माती शेतात टाकली होती, त्यात नाणी मिळाल्याची आवई उठली, आणि रात्री टॉर्च, फावडी, मेटल डिटेक्टर घेऊन शेकडो माणसं शेतं उकरायला धावली. शेतकऱ्याची जमीन चाळणी झाली. त्यातला प्रत्येक जण हेच म्हणत असेल, माझ्या एका खड्ड्याने काय होतंय.

भाचा: त्या गर्दीशी माझी तुलना करू नका. पण ती माती कुठून आली ते बघा! महामार्गाच्या कामातून. समृद्धी महामार्ग आपल्याच तालुक्यातून गेला, ७०१ किलोमीटर. किती जेसीबी, किती डंपर! त्या प्रत्येक बादलीमागे पुरातत्त्ववाला उभा होता? एका जेसीबीच्या एका घासात माझ्या जन्मभराचे खड्डे मावतील. त्याला वर्क ऑर्डर आणि मला कलम. हा न्याय मला पटत नाही.

मामा: इथे मी तुझ्या बाजूने आहे. इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळ ए-१४ रस्ता नव्याने बांधायच्या आधी अडीचशेच्या आसपास पुरातत्त्वज्ञ शेतात उतरले होते. रस्त्याच्या खर्चातच ते काम धरलेलं. आपल्याकडे मोठ्या रस्त्याच्या कामात अशी तपासणी सक्तीची व्हायला हवी. पण ती होत नाही म्हणून तुला कड मोकळी सोडावी, हे त्यातून निघत नाही. जेसीबीवाल्याला वस्तू सापडली तर कळवायचं बंधन त्यालाही आहेच, चिखलीत मजुरांनी तेच मोडलं. आणि वर्क ऑर्डरचा अर्थ समजून घे. खाली काय आहे ते बघून, अनामत भरून, बुजवायची जबाबदारी घेऊन ती मिळते. आज रस्त्याच्या कडेला माणसाच्या नसांसारख्या ऑप्टिकल फायबर, विजेच्या केबली, पाण्याच्या आणि गॅसच्या लाइनी गेल्यात. खोदण्याआधी केबलवाल्यांना कळवायला दूरसंचार विभागाचं ‘कॉल बिफोर यू डिग’ ॲप २०२३ मध्ये निघालं ते काय उगाच? आणि महामार्ग वाहतुकीला कमी सुरक्षित होईल अशी आगळीक केली, तर राष्ट्रीय महामार्ग कायद्यात पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. वीतभर खड्ड्याला ती लागेल असं मी म्हणत नाही. पण बुजवायचा राहिलेला खड्डा रात्री मोटारसायकलच्या चाकाखाली आला, तर पंचनामा तुझ्या नावाने होईल.

भाचा: मग रीतसर परवानगी मागतो. कुणाकडे मागू?

मामा: रस्ता कुणाचा त्यावर. राष्ट्रीय महामार्ग असला तर महामार्ग प्राधिकरण किंवा बांधकाम खात्याची महामार्ग शाखा. राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग बहुधा सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, इतर जिल्हा मार्ग आणि ग्राम मार्ग जिल्हा परिषदेकडे. गावठाणात ग्रामपंचायत, शहरात महापालिका.

भाचा: आणि मी जाऊन सांगणार, साहेब, छंद म्हणून उकरायचंय. ते म्हणणार, आमच्याकडे पाइपलाइनचा फॉर्म आहे, केबलचा आहे, छंदाचा नाही. परवानगी देणारा कुणीच नसेल तर परवानगी घ्या म्हणण्याला काय अर्थ?

मामा: अर्थ एवढाच, की परवानगी नाही. तुला आवडणार नाही, पण सरळ उत्तर हेच आहे.

भाचा: म्हणूनच इंग्लंड बरं. तिथे हजारो लोक हा छंद उजळ माथ्याने करतात. १९९६ चा ट्रेझर कायदा आहे. ठरावीक वस्तू मिळाल्या की १४ दिवसांत कॉरोनरला कळवायचं. बाकीच्या साध्यासुध्या वस्तू दाखवायला जिल्ह्या-जिल्ह्यात नेमलेला अधिकारी असतो. ब्रिटिश म्युझियम ती योजना चालवतं आणि १५ लाखांहून जास्त वस्तूंची नोंद झाली आहे. २००९ चा स्टॅफर्डशायरचा सोन्याचा ठेवा एका हौशी माणसालाच मिळाला, ए-५ रस्त्याला लागून असलेल्या शेतात. तो रस्ता म्हणजे जुना रोमन मार्ग. बत्तीस लाख पौंडांहून अधिक रक्कम ठरली, निम्मी त्याला, निम्मी शेतकऱ्याला.

मामा: त्याने शेतकऱ्याची परवानगी घेतली होती, हे वाक्य तू गाळलंस. तिथे मोकळीक नाही, शिस्त आहे. जमीनमालकाच्या होकाराशिवाय एक पाऊल नाही. संरक्षित स्मारकाच्या जागी डिटेक्टर चालवणं १९७९ च्या कायद्याने गुन्हा. रस्त्याची कड तर तिथे आणखी किचकट. वरचा भाग रस्ता सांभाळणाऱ्या संस्थेकडे आणि खालची माती बऱ्याचदा शेजारच्या जमीनदाराची. म्हणजे दोन दारं ठोठावायची. आणि न ठोठावणाऱ्यांचं काय होतं, तेही सांगतो. २०१५ मध्ये हेरफर्डशायरला दोघांना आल्फ्रेड राजाच्या काळातला नाण्यांचा ठेवा मिळाला. त्यांनी तो लपवून विकायला काढला. २०१९ मध्ये एकाला दहा आणि दुसऱ्याला साडेआठ वर्षं झाली. अपिलात शिक्षा कमी झाली, पण आल्फ्रेड आणि शेजारच्या मर्सियाच्या राजाचं नातं सांगणारी ती नाणी बहुतेक हाती लागलीच नाहीत.

भाचा: म्हणजे शिक्षा आहे, पण सोयही आहे. आपल्याकडे शिक्षा आहे आणि सोय नाही. तेरच्या रामलिंगप्पा लामतुऱ्यांचं काय सांगाल? व्यापारी माणूस. त्यांनी तेरच्या पांढरीतून मिळालेली सातवाहनकालीन भांडी, मणी, मूर्ती जन्मभर जमवल्या. आज त्यांच्या नावाने सरकारी संग्रहालय उभं आहे. ते तुमच्या कलमांना घाबरून बसले असते तर त्यातलं निम्मं खतात गेलं असतं.

मामा: लामतुऱ्यांना माझा नमस्कार. पण त्यांच्याकडून काय घ्यायचं ते बघ. एकच गाव. काय कुठून आलं ते ठाऊक. वस्तू गावातच राहिल्या आणि शेवटी लोकांच्या झाल्या. गावोगावच्या रस्त्यांवर फिरून, मिळेल ते पुण्याच्या फ्लॅटमधल्या डबीत ठेवणं वेगळं. हौशी माणसाची मला ॲलर्जी नाही. त्याच्या हातून नोंद निसटते, त्याची मला भीती आहे. आणि एक व्यवहाराचं सांगतो. आपल्या मुलखात संध्याकाळी चराच्या कडेला मशीन घेऊन उकरणारा माणूस दिसला, की लोकांच्या डोक्यात पहिला शब्द गुप्तधन. गुप्तधनापायी अघोरी प्रकार झाले म्हणून २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात त्याचा उल्लेख करावा लागला. तू हेडफोन लावून उभा असशील आणि मागून गाव जमलेलं असेल.

भाचा: मग करू काय? मशीन विकून टाकू?

मामा: कशाला विकतोस? आपलं शेत आहे. सातबारा माझ्या नावावर आहे, लेखी परवानगी आत्ता देतो. जवळपास संरक्षित स्मारक नाही, ते मला माहीत आहे. तिथे फिरव, प्रत्येक वस्तूची जागा मोबाइलवर टिप, फोटो काढ, वही ठेव. एकाच जागी तीन-चार नाणी किंवा भांडं लागलं की थांब. पुढे बोटसुद्धा घालायचं नाही. तहसीलदाराला आणि पुरातत्त्व खात्याच्या विभागीय कार्यालयाला कळव. अर्ज मी लिहून देतो.

भाचा: आणि रस्त्याची कड?

मामा: कडेला उचलायचं ते डोळ्यांना दिसतं ते. बुचं, फॉइल, बाटल्या. पोतं भरून आणलंस तर पहिला चहा माझा.

भाचा: ठीक आहे, कड सोडली. पण तुमचं माणूस म्हणून काय मत आहे ते सांगा. माझ्यासारख्यांसाठी जिल्ह्यात एक खिडकी असावी की नसावी?

मामा: असावी. आजच असावी. ते मी लिहूनही देईन.

दोघांच्या वादाचा निकाल असा. महाराष्ट्रात रस्त्याच्या कडेची जमीन शासनाची किंवा केंद्राची आहे, आणि छंदासाठी ती उकरायची मुभा कोणताही कायदा देत नाही. कायदा गप्प आहे याचा अर्थ परवानगी असा काढता येत नाही. जमिनीतून दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू निघाली, तर ती कोणाच्याही शेतातली असो, जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावी लागते. ज्यांच्याकडे डिटेक्टर आहे त्यांनी तो स्वतःच्या किंवा लेखी होकार दिलेल्या खासगी जमिनीवर, स्मारकांपासून दूर वापरावा आणि प्रत्येक वस्तूची जागा टिपून ठेवावी.

भाच्याची तक्रारही खोटी नाही. शासनाने दोन गोष्टी कराव्यात. दहा रुपयांची मर्यादा आजच्या काळाला धरून बदलावी, आणि प्रत्येक जिल्हाधिकारी कार्यालयात सापडलेल्या वस्तूची नोंद न घाबरता करता येईल अशी एक खिडकी उघडावी, जिथे नोंद करणाऱ्याला त्याच दिवशी पावती मिळेल. ती खिडकी उघडेपर्यंत रस्त्याच्या कडेला यंत्र वाजलंच, तर खणू नका. जागा लिहून ठेवा आणि पुरातत्त्व खात्याला कळवा.